पक्ष्यांच्या पोटातले कृमी



वसंतात कोकिळेवर बोलावे. ते सोडून मी पाखरांच्या पोटातल्या जंतांवर बोलायला उभा आहे. घरी जाऊन आपल्याला जेवायचे आहे, हे ठाऊक आहे, क्षमा असावी.

आपल्या गावाचे नाव एका जंताला मिळालेले आहे. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी 1925 साली कबुतराच्या कुळातील पक्ष्यांमधल्या पट्टकृमींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला एक ‘रायलिएटिना नागपुरेन्सिस’.

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा जंत. त्याला तोंड नाही, आतडे नाही. पक्ष्याने पचवलेले अन्न तो अंगानेच शोषतो. याच्याच गोतावळ्यातले काही कोंबडीत राहतात. एकाने आतड्याला अशा गाठी येतात की पाहणाऱ्याला क्षयाचा भास व्हावा. पण तो कोंबडीकडून कोंबडीला थेट लागत नाही. विष्ठेतली अंडी मुंगी खाते आणि मुंगी कोंबडी टिपते. त्याच्या दुसऱ्या भावाला मुंगी नव्हे, भुंगेरा लागतो. म्हणजे कोंबडीला कितीही औषध पाजा, उकिरडा तसाच राहिला तर पैसे वाया! आणि मुंगीवर नजर ठेवायची की भुंगेऱ्यावर, हे जंताची जात ओळखल्याशिवाय कसे ठरणार?

ओळख पटवणे मात्र सोपे नाही. डोक्यावरचे बारीक आकडे गळून पडतात. मारताना अंग आखडले की मापे बदलतात. माझ्या मते केवळ अशा मापांवर बऱ्याच नव्या जाती उगाच जाहीर झाल्या. येथे गुणसूत्रांचा आधार मिळतो. जिवंत कृमीच्या पेशींचे विभाजन औषधाने मध्येच थांबवायचे, त्या रंगवून काचेखाली चिरडायच्या, मग सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रे मोजायची. नुसती संख्या पुरत नाही, हेही खरे. पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोम कुळातल्या अनेक जातींत ती 16 च असते. तेव्हा प्रत्येकाचा आकारही पाहावा लागतो. त्या कुळात आणखी एक गंमत आहे. आपल्यात पुरुषाची लिंगसूत्रे विजोड, त्यांच्यात मादीची; आणि यजमान पक्ष्यांतही मादीचीच! नक्कल कोणी कोणाची केलेली नाही, दोघांकडे ते स्वतंत्रपणे आले.

अडचण एकच. फॉर्मॅलिनच्या बाटलीत वर्षानुवर्षे पडलेला कृमी ही मोजणी करू देत नाही. तेव्हा ‘नागपुरेन्सिस’ची गुणसूत्रे पाहायची असतील, तर जुन्या बरण्या उघडून उपयोग नाही, आपल्या गच्चीवरच्या कबुतरांकडेच पुन्हा जावे लागेल.