परकीय भांडवल आणि मागे उरलेला कचरा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात परकीय भांडवलाचा विषय कशाला, असे कोणी मनात म्हणेल. परंतु या विषयाचा एक अंक आपल्या इंदूरच्या दाराशीच झाला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून निघालेले बारा बंद ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपुरास पोहोचले. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. ज्या कारखान्याचा तो कचरा, तो बंद पडून चाळीस वर्षे झाली होती. मग तो आपल्या शेजारी का आला? हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

युनियन कार्बाईड ही अमेरिकेतील कंपनी. तिच्या भारतीय शाखा-कंपनीने १९६९ मध्ये भोपाळला कीटकनाशकांचा कारखाना काढला. देशाला धान्य हवे होते, पिकांना औषध हवे होते. कारखान्याचे स्वागत झाले, त्यात गैर काही नव्हते. ५०.९ टक्के भाग अमेरिकन कंपनीचे होते. उरलेले भाग भारतीयांचे, आणि त्यांत आपल्या सरकारी वित्तसंस्थाही होत्या. तेव्हा सारा दोष परक्यांच्या माथी मारून आपणांस हात झटकता येत नाहीत.

पुढे औषधाचा खप घटला आणि काटकसर सुरू झाली. ती कोठे झाली, हे लक्षात ठेवावे. मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारे यंत्र बंद होते. निसटलेला वायू धुऊन काढणारे यंत्र कामात नव्हते. तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. सरकारी हिशेबानेच हजारो माणसे दगावली. लाखोंची प्रकृती कायमची खालावली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

त्या रात्रीची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्या रात्रीच्या आधीपासून जे चालले होते, ते मात्र फारसे बोलले जात नाही. कारखाना चालू असताना आवारात आणि तळ्यांत टाकलेला कचरा तेथेच राहिला. त्याचे विष जमिनीखालच्या पाण्यात उतरले. २००४ मध्ये भोवतालच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये आपले भाग विकले, आणि २००१ मध्ये ती स्वतःच दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. नफ्याचे वारस झाले. कचऱ्याला वारस मिळेना.

शेवटी तो पीथमपुरास आला. लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांची भीती अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळून झाला. राख उरलीच. खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून गेला.

असेच व्हावे लागते काय? नाही. अमेरिकेतील वॉटरटाऊनचा थर्मामीटरचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात कोडाईकनालला हलविण्यात आला. पारा लागलेली काच भंगारवाल्याकडे सापडली, तेव्हा कामगार आणि गावकरी खडबडून उठले. २००१ मध्ये कारखाना बंद झाला आणि २००३ मध्ये सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा अमेरिकेला परत गेला. कामगारांच्या भरपाईला मात्र २०१६ उजाडावे लागले. हिशेब मागणारे उभे राहिले, म्हणून एवढे तरी झाले.

परकीय भांडवल नको, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या मुलांना काम हवे, आणि पीथमपुरात ते अनेकांना मिळालेही आहे. पण आपल्या न्यासाला कोणी जागा दान दिली, तर आपण काय करतो? आभार मानतो, आणि स्वीकारण्यापूर्वी तिच्यावर कसला बोजा नाही ना, हे पाहतो. गावात कारखाना येतानाही हेच विचारावे. कचरा कोठे जाणार? मालक बदलला तर तो कोणाचा? साफसफाईची रक्कम आधीच अनामत ठेवली आहे काय? पायाभरणीच्या दिवशी हे विचारणे अप्रशस्त वाटेल. पण चाळीस वर्षांनी विचारले, तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

भूमी आणि पाणी आपल्या मालकीचे नाहीत. पुढच्या पिढीच्या वतीने आपण त्यांचे विश्वस्त आहोत, आणि विश्वस्ताने हिशेब चोख ठेवला पाहिजे, हे या सभागृहात अधिक सांगायला नको.