मोजणी कुठे थांबवायची

काळ्या झग्यात घामाघूम झालेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्या विद्यापीठाच्या पत्रात विषय सुचवला होता, 'अमेरिकेची बदलती आरोग्यव्यवस्था'. मी राहते कोबेला. म्हणजे जपानहून निघायचं, लातुरात उभं राहायचं आणि बोलायचं अमेरिकेवर. आमच्या उमरग्याकडे याला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतील. पण विषय मी नाकारला नाही. अमेरिकेपर्यंत पोचेन, फक्त वाट माझी असेल. ती किल्लारीवरून जाते आणि कोबेला बराच वेळ थांबते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर माती चढवलेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत त्या मातीखाली आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तुमच्यातले कुणी तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मी मराठवाड्यातल्याच एका रुग्णालयात इंटर्न होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून माणसं येत होती आणि आम्ही रजिस्टरात प्रत्येक नावापुढे 'भूकंपग्रस्त' असा शिक्का मारत होतो.

काही आठवड्यांनी तो शिक्का ड्रॉवरमध्ये गेला. डिसेंबरात एक म्हातारे गृहस्थ आले. घर गेलेलं, सून गेलेली, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री बर्फ होतो. छातीत कफ भरला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. मृत्यूचं कारण मी माझ्या हातानं लिहिलं, न्यूमोनिया. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले असते.

किल्लारीनंतर सव्वा वर्षानं, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५.४६ ला कोबे हादरलं. तिथंही डोक्यावरचं छप्परच वैरी झालं. वादळात उडू नये म्हणून जुन्या लाकडी घरांवर जड कौलं घातलेली होती, ती झोपलेल्या माणसांवर आली. एकूण मृत ६,४३४. मी २००१ साली शिकायला कोबेला गेले आणि तिथलीच झाले. सुरुवातीला या आकड्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. एका जपानी सहकाऱ्यानं सांगितलं, "यातली नऊशेहून जास्त माणसं भूकंपात मेलेली नाहीत." मला वाटलं, माझं जपानी कच्चं आहे.

तो शब्द आहे 'कानरेन्शी'. आपत्तीशी संबंधित मृत्यू. शाळेच्या व्यायामशाळेत थंड फरशीवर झोपून न्यूमोनियानं गेलेली आजी, रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्यात राहिल्या म्हणून झटका आलेला शिक्षक. यांना कोबेनं आणि आसपासच्या नगरपालिकांनी भूकंपाचे बळी म्हणून मोजायचं ठरवलं. घरच्यांनी अर्ज करायचा, जाणकारांच्या समितीनं कागद तपासून ठरवायचं की भूकंप झाला नसता तर हा माणूस आज जिवंत असता का. उत्तर 'हो' आलं तर कुटुंबाला सानुग्रह रक्कम मिळते. घरचा कर्ता गेला असेल तर ५० लाख येन, दुसरं कुणी असेल तर त्याच्या निम्मे.

म्हणजे माझे ते म्हातारे गृहस्थ कोबेत असते तर मोजले गेले असते.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाला मोजून काय मिळतं? याचं उत्तर कोबेच्या दुसऱ्या एका आकड्यात आहे. त्या दिवशी शहराची रुग्णालयंच जायबंदी झाली होती. पश्चिम भागातल्या महापालिका रुग्णालयाचा पाचवा मजला चिरडला गेला, रुग्ण आत अडकले. मुख्य महापालिका रुग्णालय समुद्रात भराव घालून केलेल्या पोर्ट आयलंडवर होतं. इमारत उभी होती, पण तिकडे जाणारा पूल खचला आणि नळाला पाणी नव्हतं. जवळच्या लहान दवाखान्यांत जिन्यात, वाहनतळात रुग्ण पडलेले, आणि तासाभराच्या अंतरावर ओसाकात रिकाम्या खाटा. पहिल्या दिवशी हेलिकॉप्टरनं किती रुग्ण हलवले? एक.

ढिगाऱ्यातून काढलेली माणसं बोलत होती, पाणी मागत होती, आणि काही तासांनी जात होती. दबलेला स्नायू मोकळा झाला की त्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं, हृदय थांबतं, मूत्रपिंडं बंद पडतात. पुस्तकात आपण याला क्रश सिंड्रोम म्हणतो. कोबेत असे ३७२ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ५० दगावले. सलाईन आणि डायलिसिस वेळेवर मिळालं असतं तर त्यांतले बरेच वाचण्यासारखे होते. नंतर डॉक्टरांनी भूकंपातल्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि अंदाज मांडला. नेहमीसारखी वैद्यकीय सेवा मिळाली असती तर सुमारे ५०० माणसं वाचली असती.

'मदत अपुरी पडली' असं म्हटलं असतं तर चार भाषणं झाली असती. ५०० म्हटल्यावर पैसे निघाले. १९९६ पासून देशभर आपत्तीसाठी सज्ज रुग्णालयं नेमली गेली, रुग्णालयांना जोडणारं माहितीचं जाळं उभं राहिलं, आणि २००५ साली आपत्ती वैद्यकीय पथकं आली. बोलावणं आलं की डॉक्टर, परिचारिका आणि हिशेब-वाहतूक सांभाळणारा माणूस एका गाडीत बसून निघतात. या तिसऱ्या माणसावर माझा फार जीव आहे. आपल्याकडे त्याला कुणी पथकात धरत नाही.

पण व्यवस्था नेहमी मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करून येते. २०११ च्या त्सुनामीत ही पथकं तयारीनिशी गेली. त्यांना चिरडलेले रुग्ण थोडेच सापडले. माणसं एकतर बुडाली होती, नाहीतर ओल्या कपड्यांत इन्शुलिन मागत बसली होती. २०१६ ला कुमामोतोत भूकंपानं थेट ५० जण मारले. त्यानंतरच्या महिन्यांत, गाडीत झोपून, थकून, औषधं चुकून, दोनशेहून जास्त गेले. २०२४ च्या नोतो भूकंपातही मागाहूनचे मृत्यू थेट मृत्यूंच्या पुढे गेले. कोबेनं तो रकाना उघडला नसता तर ही माणसं नुसती 'वारली' असती.

रकाना उघडला की तो कधी बंद करायचा हा प्रश्न येतोच. २००४ च्या निइगाता भूकंपानंतर नागाओका शहरानं एक फूटपट्टी केली. आठवड्याच्या आत मृत्यू झाला तर संबंधित मानायचा, महिनाभरात झाला तर बहुधा संबंधित, सहा महिन्यांनंतर झाला तर संबंध नाही. कारकुनाच्या दृष्टीनं सोयीची गोष्ट. पण अणुदुर्घटनेनंतर फुकुशिमातून उठवलेली म्हातारी माणसं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पाचव्या परक्या खोलीत गेली तेव्हा त्या फूटपट्टीवर त्यांच्यासाठी रेघच नव्हती. समित्यांत भांडणं झाली, खटले झाले. माझं मत विचाराल तर हे भांडण चांगलं आहे. ज्या देशात मृत्यूच्या कारणावरून नातेवाईक सरकारशी भांडतात, तिथं प्रमाणपत्र लिहिणारा डॉक्टर पेन जरा जपून टेकवतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्यात परिचारिका बऱ्याच आहेत. कोबेत बेघर झालेल्यांना 'कासेत्सु', म्हणजे तात्पुरती घरं, दिली. न्याय हवा म्हणून सोडत काढली, आणि दया हवी म्हणून म्हाताऱ्यांना, अपंगांना आधी जागा दिली. दोन्ही हेतू चांगले. झालं काय, तर एकाच गल्लीत चाळीस वर्षं काढलेली माणसं शहराबाहेरच्या माळावर, अनोळखी शेजाऱ्यांत विखुरली. मग बंद दारांमागे मृतदेह सापडू लागले. 'कोदोकुशी', एकट्याचं मरण. ती घरं रिकामी होईपर्यंत अशा मृत्यूंची संख्या दोनशेवर गेली. त्यांत पन्नाशी-साठीतले, नोकरी गेलेले, दारूला लागलेले पुरुष बरेच होते, ज्यांची काळजी करायची यादीच कुणाकडे नव्हती.

हिरोको कुरोदा नावाच्या एका ज्येष्ठ परिचारिकेनं रुग्णालयातली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडली आणि हजारावर घरांच्या अशाच एका वसाहतीत तळ ठोकला. काम एकच, दार वाजवायचं. वर्तमानपत्र आत घेतलंय का, विजेचा मीटर फिरतोय का, काल जेवलात का. २०१४ साली त्या गेल्या, तोवर जपानात जिथं भूकंप झाला तिथं त्या पोचत होत्या.

दार वाजवणं सोपं नाही, आणि आपल्याला तर त्याची जुनी, कडू आठवण आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी रँडचे गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसले. हेतू कागदावर लोकांच्या आरोग्याचाच. लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर सावित्रीबाई प्लेगचे रुग्ण सांभाळता सांभाळता गेल्या. जिथं दारं बंद होतात तिथं आकडे खोटे होतात, हे रँडला कळलं नाही.

आता अमेरिका, दिलेल्या विषयाला जागून.

खर्चात तो देश जगात पहिला आहे, आणि आयुर्मानात जपानच्या पाचेक वर्षं मागे. जपाननं १९६१ साली प्रत्येकाला विम्याखाली आणलं, म्हणून कोबेत विमापत्र ढिगाऱ्यात गेलेल्या माणसावरही उपचार झाले. अमेरिकेला १९६५ साली म्हाताऱ्यांपर्यंत आणि गरिबांपर्यंत पोचता आलं, २०१० च्या कायद्यानं आणखी पुढे. जुलै २०२५ च्या कायद्यानं गरिबांच्या त्याच विम्याला कात्री लावली. तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसं त्यामुळे विम्याबाहेर जातील.

पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. विमा नसला तरी त्या देशाला मोजता येत होतं. १९४६ साली हिवतापाशी लढायला अटलांटात उघडलेलं कार्यालय पुढे साऱ्या जगाची साथरोगांची शाळा झालं. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळानं पोर्तो रिको बेट झोडपलं. सरकारी आकडा, मृत ६४. महिनोन्‌महिने वीज नव्हती, डायलिसिस बंद, ऑक्सिजनची यंत्रं बंद, आणि आकडा मात्र ६४ च. शेवटी एका अमेरिकी विद्यापीठानंच मृत्यूंची नोंद नव्यानं चाळली. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं, २,९७५. कोबेचा कानरेन्शी इंग्रजी कपडे घालून आला होता.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं १०,००० पदं कमी करण्याची घोषणा केली. १९८७ पासून बाळंतिणींची पाहणी करणारं पथक घरी बसवलं गेलं. त्याआधी फेब्रुवारीत, १९८४ पासून नव्वदेक देशांत आया आणि मुलं मोजणाऱ्या सर्वेक्षणाचा अमेरिकी निधी थांबला. म्हणजे विम्याबाहेर जाणारी माणसं वाढणार आणि त्यांचं काय झालं हे लिहिणारी कमी होणार. या दोन गोष्टी एकाच वर्षी व्हाव्यात याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

मोजायला शिकवणाऱ्या अमेरिकेचं आपल्यावर ऋण आहे, म्हणून हे बोलते. जामखेडचे आरोळे दांपत्य आणि गडचिरोलीचे बंग दांपत्य, दोघांनीही सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये घेतलं. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत बालमृत्यू घरोघरी मोजले तेव्हा १९८८ साली हजारी १२१ बालकं वर्षाच्या आत जात होती. त्या मोजणीतून गावच्या बायका आरोग्यदूत झाल्या, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेतात त्यामागे ते काम आहे. बाल्टिमोरला आजच्या घडीला काय शिकवायला परवडेल मला माहीत नाही. वजनकाटा आणि वही मात्र इथंच, तुमच्या उपकेंद्रात आहे. येत्या उन्हाळ्यात उष्माघातानं गेलेला शेतमजूर तुमच्यासमोर येईल आणि तुम्ही 'हृदयक्रिया बंद' लिहाल. तेव्हा दोन मिनिटं थांबा. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला विचारा, काल तो कुठे होता, किती तास उन्हात होता.

कोबेत हिगाशी युएन्ची नावाची बाग आहे. दर १७ जानेवारीला पहाटे ५.४६ ला तिथं बांबूच्या नळकांड्यांत दिवे लावतात. बागेतल्या स्मारकाखाली गोल, गार खोली आहे आणि तिच्या भिंतीवर नावांच्या पाट्या. ते स्मारक २००० साली उघडलं, तरी भिंत अजून पुरी झालेली नाही. वर्षाला काही नावं नव्यानं लागतात. कुणी भूकंपाच्या जखमा सोसत वीस-पंचवीस वर्षांनी गेलेलं असतं. घरचे येतात, पाटीवर हात फिरवतात, फोटो काढतात, आणि वर येऊन डब्यातून आणलेला भात खातात.

किल्लारीनंतरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव मला आठवतं. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून इथं घेत नाही. उद्या मी त्या रुग्णालयात जाणार आहे. १९९३ ची रजिस्टरं अजून ठेवली आहेत का, ते बघायचंय.