घरच्यांचं नको, तुझं सांग



माझी रोह्यात पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, गेली 21 वर्षं मी चालवते. दिवसभर बायका येतात, डबा खाली ठेवतात, "भाकरीचं आहे, फार बारीक नको" एवढं सांगतात. मी विचारते, "काय, कसं काय?" उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही, नेहमीचंच." मग गिरणीची घरघर सुरू होते आणि पुढचं कुणाला ऐकूच येत नाही.

पूर्वी घरोघरी जातं होतं तेव्हा असं नव्हतं. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा एकच, आणि दळता दळता ओवीतून मनातलं सगळं बाहेर यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. एक लाख! त्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे, पंढरीची वाट आहे आणि शेजारणीशी जुळलेला जीवही आहे. गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले, ते बरंच झालं. जातं ओढणं काही सुखाचं नव्हतं, उगाच त्याचं कौतुक मी करणार नाही. पण ते बोलणं कुठे गेलं, हा प्रश्न मला पडला तो एका मैत्रिणीमुळे.

आम्ही चौघी शाळेपासूनच्या. एक धाटावला असते, शिलाईचं काम करते. एक पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडे, म्हणजे हात किती स्थिर ते बघा. तिसरी पनवेलला दिली. चौथी मी. नावं सांगू नकोस असं तिघींनी बजावलंय, म्हणून गावांवरूनच ओळखा.

पनवेलची दर वर्षी धावीर महाराजांच्या पालखीला माहेरी येते. पोलिसांची मानवंदना झाली, पालखी निघाली, की आमची चौघींची भेट ठरलेली. दोन वर्षांपूर्वी ती आली नाही. मी फोन केला. "काय गो, आली नाहीस?" "अगं, जमलं नाही." "बरी आहेस ना?" "ठीक आहे." मग तिच्या मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, माझ्या मुलीची परीक्षा असं वीस मिनिटं बोललो आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी पेणच्या बाजारात तिची जाऊ भेटली आणि बोलता बोलता कळलं, की त्याच महिन्यात तिचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं होतं. रक्त फार गेलं होतं. आठ दिवस दवाखान्यात, पुढे दोन महिने घरात. मी फोन केला त्या दिवशी ती अंथरुणावरून बोलत होती.

मला आधी तिचाच राग आला. रविवारी दिवा-रोहा गाडी पकडली आणि पनवेलला जाऊन तिला फाडफाड बोलले. ती शांतपणे चहा गाळत होती. म्हणाली, "तू विचारलंस बरी आहेस ना, मी म्हटलं ठीक. त्याच्या पुढे आपण कधी गेलोय का? वीस मिनिटांत तू माझ्या सुनेचं सगळं विचारलंस. माझं कुठे विचारलंस?"

परतीच्या गाडीत आपटे गेलं, जिते गेलं, पेण गेलं, नागोठणे आलं, तरी माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. आणि खरी गोष्ट सांगते, तिने मला उलटं विचारलं असतं तर माझ्याकडेही सांगायला काही नव्हतं.

मग आम्ही ठरवलं. महिन्यातून एका रविवारी भेटायचं. आणि एक नियम. नवरा, मुलं, सून, जावई, सासू, यांच्यातल्या कुणाचीही बातमी सांगायची नाही. फक्त स्वतःचं. या महिन्यात मी कुठे गेले, हाताने काय केलं, कुणाला भेटले. नियम मोडला तर दहा रुपये दंड.

पहिल्या दिवशी धाटावच्या मैत्रिणीकडे जमलो. अर्ध्या तासात दंडाचे 110 रुपये जमले. सुरुवात "मी" अशी व्हायची आणि तिसऱ्या शब्दाला "आमचा हा" यायचा. दंड परवडेना म्हणून सगळ्या गप्प बसलो. चार बायका आणि खोलीत शांतता, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी पेणची म्हणाली, "मी हिशोब केला. या हंगामात माझ्या हातून चौदाशे डोळे झाले. एकदाही मूर्तीने माझ्याकडे बघितलं असं वाटलं नाही, एका मूर्तीने बघितलं." आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या कामाबद्दल हे पहिलंच वाक्य आम्ही ऐकत होतो.

मी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. कुठे गेले? बँकेत. हाताने काय केलं? दळण. कुणाला भेटले? गिऱ्हाईकांना. ते सांगायची लाज वाटली.

आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. एवढी मोठी जबाबदारी, तरी त्यांना बागकामाची आवड होती, आणि कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. पुरुषाने असं काही केलं की त्याला व्यासंग म्हणतात. बाईने चार कुंड्या लावल्या की "तेवढाच वेळ जातो तिचा". वेळ जातो? मैत्रिणींनो, वेळ आपल्याकडे असतो कुठे, जायला?

तर मी कुंड्या लावल्या. लोक गिरणीत डबे ठेवून जातात आणि काही डबे कुणी न्यायलाच येत नाही. अशा वर्षानुवर्षं पडलेल्या अकरा पत्र्याच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली आणि त्यांत अबोली लावली. अबोलीच्या सुकलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते तट्‌कन फुटतं आणि बी लांब उडतं. लहानपणी आपण सगळ्यांनीच तो खेळ केला असेल. आता 52 व्या वर्षी मी रोज सकाळी गिरणी उघडण्याआधी पाच मिनिटं तोच खेळ खेळते. पुढच्या भेटीत मी हे सांगितलं. दंड शून्य.

घरी सगळं गोड चाललं असं समजू नका. रविवारी दुपारनंतर गिरणी बंद अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्या महिन्यात पाच-सहा गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. रविवार हा दळणाचा दिवस, ते पैसे बुडालेच. नवरा काही बोलला नाही, पण पाटीकडे बघून जो उसासा टाकायचा तो रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. सासूबाई रोज नवा प्रश्न काढायच्या. "आता या वयात कसल्या गं मैत्रिणी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चप्पल घालायची आणि निघायचं, एवढंच जमलं.

जानेवारीत आम्ही पोपटी लावली. रायगडातल्या मैत्रिणींना पोपटी काय ते सांगायला नको, पण बाहेरच्या कुणी ऐकत असतील तर सांगते. भात निघाल्यावर शेताच्या ओलीवर वाल होतो. त्याच्या कोवळ्या भरल्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, कुणी कोंबडीही घालतं, हे सगळं जाडं मीठ आणि ओवा लावून मडक्यात भरायचं. बुडाला भांबुर्ड्याचा पाला, मधेमधे पाला, तोंडाशी दाबून पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करायचं, भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र होऊन लगेच सुकलं की झालं.

आता गंमत बघा. शेंगा आपण खुडायच्या, निवडायच्या, मसाला आपण वाटायचा. पण पोपटी लावायची बाप्यांनी, रात्री, शेतावर. आपल्या वाट्याला सकाळी डब्यात उरलेली पोपटी. धाटावचीच्या माहेरच्या शेतात आम्ही भरदुपारी मडकं लावलं. जाळ जास्त झाला. खालचा थर कोळसा, मधला छान, वरच्या शेंगा कच्च्या. तिचा भाऊ बांधावरून हसत होता. मधला थर आम्ही चौघींनी चाटूनपुसून खाल्ला, त्याला दिला नाही. पनवेलची पाय पसरून बांधावर बसली होती, हात काळे, आणि म्हणाली, "ऑपरेशनला नेत होते ना, तेव्हा मला भूक लागली होती. कुणालाच सांगितलं नाही." मग ती पुढचा तासभर बोलली. ते सगळं मी इथे सांगणार नाही. ते तिचं आहे.

फेब्रुवारीत कुड्याच्या लेण्यांना गेलो. मांदाडच्या खाडीजवळ, तळा तालुक्यात. इथून मिनिडोर केला, चढ दमवणारा होता, वर गेल्यावर खाडीचं पाणी खाली लखलखत होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची 26 बौद्ध लेणी. जन्म रोह्यात गेला, आणि मी पहिल्यांदा बघत होते. तिथे ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेले आहेत, कुणी काय दान दिलं त्याचे. आम्हाला ती लिपी कुठली यायला? धाटावचीची मुलगी इतिहास शिकते, तिने जाण्याआधी सगळं लिहून दिलं होतं. (मुलीचं नाव काढलं म्हणून आईने दंड भरला, ते वेगळं.) मला वाटलं होतं राजे-महाराजेच असतील. राजघराण्यातले आहेतच, पण कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. एक फुलमाळी आहे. भिक्षुणी आहेत. आणि भयिला नावाची एक बाई आहे, तिने तर अख्खं चैत्यगृह दिलं. लेखात ती अमक्या उपासकाची बायको असंही लिहिलंय.

"बघ, तिलापण नवऱ्याचं नाव घालावंच लागलं," पेणची म्हणाली. "दहा रुपये काढ म्हणावं."

हसून हसून पुरेवाट झाली. पण ती भिंतीपाशी बराच वेळ उभी होती. रंगकाम करणारा हात आहे तिचा, मूर्तीवर नाव कारखान्याचं जातं. मी मात्र त्या फुलमाळ्यात अडकले. अबोलीचे अकरा डबे होते ना माझे!

त्या दिवशी घरी पोहोचायला साडेसात वाजले. सासूबाई ओटीवर बसलेल्या. मी मनाची तयारी करून आत शिरले, तर म्हणाल्या, "काय बघितलंस?" पहिल्यांदाच. मी बसले आणि सांगितलं, खाडी, चढ, भयिला, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "आई, तुमचं सांगा ना काहीतरी. घरातलं नको. तुमचं."

त्या गप्प झाल्या. मला वाटलं चिडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मी पोहायचे." कुठे? "कुंडलिकेत. लग्नाआधी. या काठावरून त्या काठावर. भावांच्या आधी पोहोचायचे." आणि लग्नानंतर? "नंतर कुठलं गं."

29 वर्षं मी या बाईबरोबर एका घरात राहते. नदी घरापासून दहा मिनिटांवर आहे. त्यांना काय खाल्लं की पित्त होतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं मला माहीत. हे माहीत नव्हतं.

तर आता पुढचं. कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांतून उतरतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, त्या लोंढ्यावर साज्याहून होड्या निघतात. मुंबई-पुण्याची पोरं गाड्या भरभरून येतात, आपण रस्त्याच्या कडेला भाजीची पिशवी धरून त्यांच्या गाड्या मोजतो. पनवेलचीने आता डॉक्टरांना विचारून घेतलंय आणि त्यांनी हरकत नाही म्हटलंय. येत्या रविवारी आम्ही चौघी जाणार. तिघी उत्साहात आहेत. मला पोहता येत नाही आणि पोटात आत्तापासून गोळा आहे.

काल रात्री सासूबाईंना सांगितलं. म्हटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "पाण्यात पडलीस तर उभं राहायला जाऊ नकोस, दगडात पाय अडकतो. उताणी हो, पाय पुढे कर, आणि नदी नेईल तशी जा." मग कूस बदलली आणि पुन्हा म्हणाल्या, "आणि आल्यावर मला सांग."