सर्कमॅम्ब्युलेशन: अडलात तर शब्द फोडा

कबनूरहून बोलतोय. कॉलेजात नृसिंहवाडीची माहिती इंग्रजीत वाचताना एका शब्दावर अडकलो. वर्ग हसला, मी खाली बसलो. शब्द होता सर्कमॅम्ब्युलेशन.

आज तो फोडूया. तुकडे 6: सर्-कम्-ॲम्-ब्यु-ले-शन. जोर 'ले'वर. म्हणून बघा. जमलं ना?

आता अर्थ. लॅटिनमध्ये 'सर्कम' म्हणजे भोवती. सर्कम्फरन्स, म्हणजे परीघ, आपण शाळेतच शिकलोय. 'ॲम्ब्युलारे' म्हणजे चालणं. ॲम्ब्युलन्सही त्यातलीच; मुळात तो सैन्याबरोबर फिरणारा दवाखाना. शेवटी 'एशन' लागलं की क्रियेचं नाव होतं. म्हणजे भोवती चालणं.

आणि आपली परिक्रमा? 'परि' म्हणजे भोवती, 'क्रम' म्हणजे पाऊल टाकणं. हुबेहूब तीच जोडणी! प्रदक्षिणा तर आणखी सांगते: 'दक्षिण' म्हणजे उजवा, देव उजव्या हाताला ठेवून चालायचं. इंग्रजी शब्दात ते नाही.

ज्या शब्दाला घाबरून बसलो, त्याचा अर्थ मला लहानपणीच वाडीला चालता चालता कळला होता. अडले होते फक्त उच्चार. तेव्हा लांब शब्द दिसला की लाजू नका, आधी फोडा. भेटू पुढच्या भागात!