विखुरलेली दप्तरे आणि एक खतावणी



व्यापाराचा व्याप वाढला की दप्तरे वाढतात, आणि एकच गोष्ट चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिली जाऊ लागते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत लूका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने १४९४ साली छापून प्रसिद्ध केली. तीत कच्ची वही, कीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या असून खतावणीतील रकमेवरून कीर्दीतले मूळ कलम शोधता यावे, अशी तजवीज होती.

संगणक आल्यावर ही तजवीज मोडेल असे कोणास वाटले नसेल. पण घडले तसेच. विक्री खात्याने आपल्यापुरती आज्ञावली करवून घेतली, वखारीने आपली, हिशेबनिसांनी आपली. एका यंत्रातून निघालेला कागद पाहून कारकुनाने तेच आकडे दुसऱ्या यंत्रात भरावयाचे, असा हास्यास्पद प्रकार कित्येक वर्षे चालला; काही पेढ्यांत तो आजही चालू आहे.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांत मांडून कोष्टके परस्परांशी जोडण्याची उपपत्ती मांडली. पुढे १९७२ साली जर्मनीत, आय. बी. एम. सोडून आलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. मालाची आवक एकदाच नोंदावी आणि साठा व हिशेब दोन्ही त्याच नोंदीवरून व्हावेत, हा त्यांचा विचार. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे आय. सी. आय. कंपनीचा नायलॉनचा कारखाना.

तथापि कोणतीही मोठी कंपनी एकाच आज्ञावलीवर राहत नाही. दोन कंपन्या एक झाल्या की दोन्हींची दप्तरे एकत्र येतात, आणि खरी अडचण तेथे उभी राहते. ती ओळखीची. 'शेणवी' पोर्तुगीज दस्तऐवजांत 'सिनाय' कसा झाला, हे या श्रोतृवर्गास सांगावयास नकोच. संगणकास मात्र ती दोन निराळी माणसे वाटतात. त्याला एखादा पक्का क्रमांक लागतो. भारतात १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचा पंधरा अक्षरी क्रमांक असाच आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. पुढील दहा अक्षरे आयकर खात्याच्या पॅनची. म्हणून एकाच पेढीच्या मडगाव आणि बेळगाव येथील नोंदणीचे क्रमांक वेगळे असले, तरी मधली दहा अक्षरे जुळतात आणि पेढी एकच असल्याचे कळते.

घाई मात्र महागात पडते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ साली तीन आज्ञावली एकदमच सुरू केल्या, त्याही हॅलोवीन सणाच्या मागण्यांचा हंगाम तोंडावर आलेला असताना. सुमारे दहा कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत. माल होता, पण मागणी, साठा आणि रवानगी यांचा मेळ बसेना.

यास्तव जाणते लोक आधी याद्या साफ करतात. मालाचे संकेतांक, गिऱ्हाइकांची नावे, मग शिलका. आणि जुने व नवे दप्तर काही काळ शेजारी शेजारी चालवून ताळा पाहतात. हे काम कंटाळवाणे असल्याने आज्ञावली विकणारे त्याविषयी फारसे बोलत नाहीत. त्यातही वादाचा मुद्दा हा की गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला तर तो कोणी दुरुस्त करावा? विक्री खाते म्हणते आम्ही, वसुली खाते म्हणते आम्ही, आणि यंत्र बिचारे दोघांचेही ऐकते. मोठ्या कंपन्यांत यासाठी आता स्वतंत्र अधिकारी नेमतात. लहान पेढीत हे काम जुन्या हिशेबनिसाच्याच वाट्याला येते.