पैसे वजनाचे की निवडण्याचे?

कारेगावातल्या आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर निरनिराळ्या देशांतल्या कचऱ्यासाठीच्या प्रोत्साहन योजनांचा आढावा छापला आहे. तो आटोपता घ्यावा लागेल, कारण एक गोष्ट कित्येक वर्षं बोलायची राहून गेली आहे.

कुरितिबा या ब्राझीलमधल्या शहरात १९९१ पासून चार किलो सुक्या कचऱ्यामागे एक किलो भाजीपाला मिळू लागला. दक्षिण कोरियाने १९९५ साली ठरावीक पिशव्या विकत घ्यायला लावून ‘जितका कचरा तितके पैसे’ अशी पद्धत आणली. पुण्यात गांडूळखत करणाऱ्याला मिळकतकरात सवलत मिळते. योजना चांगल्या आहेत. पण कारेगावात त्या कुणाच्या हाती पडतील? रांजणगाव एमआयडीसीत पाळ्या करणारा कामगार इथे भाड्याच्या खोलीत राहतो आणि घरपट्टी मालक भरतो. सवलत मालकाला, कचऱ्याची बादली भाडेकरूला!

बोलायची राहिलेली गोष्ट याहून सरळ आहे. कचरा वाहणाऱ्याला टनामागे पैसे मिळतात, तिथे कचरा निवडणं हा त्याचा तोटा असतो. ओलं-सुकं एकत्र कोंबलं की कागद भिजतो, पुठ्ठा पाणी पितो, काट्यावर आकडा चढतो आणि बिल फुगतं. निवडायला दोन माणसं लावली तर मजुरी अंगावर आणि वजनही कमी. मग घराघरांत दोन बादल्या वाटायच्या आणि गाडीत एकच ढीग करायचा, हा प्रकार का घडतो याचं नवल वाटायला नको. लोकांना शिस्त नाही, हे पालुपद आता बंद करा.

दंड हवा की बक्षीस, यावर सकाळी बराच वाद झाला. तुमच्यापुढे बोलणाऱ्या या माणसाने आयुष्य भंगाराच्या काट्याजवळ काढलं आहे. त्याने एका वस्तीत दंडाची पाटी लागलेली पाहिली, आणि पाठोपाठ रात्रीच्या अंधारात ओढ्यात पडणाऱ्या पिशव्याही. पुढे तिथे दारोदार कचरा घ्यायला एक बाई येऊ लागली. मिसळलेली बादली ती उंबऱ्यावरूनच परत करायची. दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, पिशवी विसळून वाळवायची, हे ती हातात धरून दाखवायची. त्या पिशव्या विकून येणारे पैसे तिचे होते, म्हणून ती रोज सांगत राहिली. दंडवाला पावती फाडून निघून जातो.

पुण्यात हे मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. घरं महिन्याचं शुल्क देतात, भंगाराची विक्री वेचकाची. उकिरड्यावर वाकणाऱ्या बायका दारावर हक्काने उभ्या राहिल्या, त्या या हिशेबामुळे.

राहिला प्रश्न चकचकीत वेष्टनांचा. कुरकुऱ्यांचं पाकीट भंगारवाला घेत नाही, कारण पुढे त्याला गिऱ्हाईक नाही. रांजणगावला औद्योगिक घातक कचऱ्याचं केंद्र आहे. तिथे विल्हेवाटीचा खर्च कारखान्यांवर पडतो. मग पाकिटाचा भार पाकीट काढणाऱ्यावर का नको? राज्याने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटली आणि दूधपिशवीच्या परताव्याची तरतूद केली होती, पण ती व्यवहारात रुजली नाही. उत्पादकावर आज जी जबाबदारी कायद्याने टाकली आहे, तिचे पैसे प्रमाणपत्रांच्या कागदांत न अडकता निवडणाऱ्या हातापर्यंत पोचले पाहिजेत. न विकल्या जाणाऱ्या मालाला किलोमागे दर आणि तो वेचणाऱ्या बाईच्या खात्यात, एवढीच मागणी आहे.

कारेगावने टनाचा दर सोडून घरामागे आणि निवडलेल्या मालामागे दर ठरवावा. शुल्क खोलीभाड्यातच धरावं, म्हणजे भाडेकरू बदलला तरी ते चुकत नाही. निवडायला ग्रामपंचायतीने एक पत्र्याची शेड, पाणी आणि वजनकाटा द्यावा. कराराचा मसुदा कुणी करायचा, घरमालकांची बैठक कुणी बोलवायची, हे दुपारच्या सत्रात ठरवा. मात्र त्या बैठकीला कचरा वेचणाऱ्या दोघी-तिघी असल्या पाहिजेत, आणि दराचा आकडा आधी त्यांनी सांगायचा.