डोक्यावरून जाणारा बॉल



मधुमेह, मृत्युपत्र आणि संतसाहित्य यांच्या जोडीला ‘लाँग बॉल कसा अडवावा’ हा विषय व्याख्यानांच्या पत्रिकेत पाहून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. संयोजकांनी मला पाऊण तास दिला आहे आणि आज सभागृहात पोरंही बरीच दिसतात, तेव्हा थेट मैदानावर जाऊ.

१८ नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, भारत विरुद्ध मलेशिया. १९व्या मिनिटाला मलेशियाचा एक लांब बॉल आपल्या बचावफळीच्या मागे आला. आपला कीपर गुरप्रीतसिंग संधू गोल सोडून पुढे धावला, त्याचा अंदाज चुकला आणि पाउलो जोसुएनं रिकाम्या जाळ्यात बॉल ढकलला. ३९व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं हेडर मारून बरोबरी केली. हाच तो राहुल भेके, ज्यानं २०१९च्या आयएसएल फायनलमध्ये अंधेरीच्या मैदानावर ११७व्या मिनिटाला बेंगळुरूसाठी एकमेव गोल केला होता. तोही कॉर्नरवर, तोही डोक्यानं. सामना १-१ सुटला.

असा गोल झाला की शिव्या कीपरला पडतात. ते सोपं असतं, कारण टीव्हीवर शेवटी तोच दिसतो. पण लाँग बॉलचा हिशेब तो पायातून सुटण्याआधीच सुरू झालेला असतो, आणि आज मला मुख्यतः त्या आधीच्या दोन-तीन सेकंदांबद्दल बोलायचं आहे.

चाळीस-पन्नास मीटर मारलेला बॉल हवेत साधारण तीन सेकंद असतो. तेवढ्यात पंधरा वर्षांचा चपळ पोरगा सरळ धावत पंधरा-सतरा मीटर काढतो. समोरचा स्ट्रायकर नेमका तसाच धावत येतो, कारण त्याचं तोंड गोलकडे आहे. आपला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मात्र बॉलकडे बघत, छाती पुढे करून, उलट्या पावलांनी मागे जातो. ही शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते. म्हणून पहिली शिकवण पायांची: छाती सरळ बॉलसमोर ठेवायची नाही, आडवं उभं राहायचं, एक खांदा आपल्या गोलकडे. बॉल मारणाऱ्यानं मान वर केली, बॉल पायापासून वीतभर पुढे ढकलला आणि पाय मागे नेला, की तो मारणार. त्याच क्षणी फळीनं वळून मागे निघायचं. बॉल हवेत गेल्यावर नव्हे.

उलट बॉल मारणाऱ्याच्या अंगावर आपला कुणी धावून गेलेला असेल, त्याची पाठ आपल्याकडे असेल किंवा मान खाली असेल, तर त्याला लांब मारता येणार नाही. मग फळी वर. याचा सराव कसा घेतो ते सांगतो. चार बचावपटू एका ओळीत, मी पस्तीस मीटरवर बॉल घेऊन. मी मान वर केली की ते मागे. मी पाठ फिरवली की ते पाच पावलं वर. कबड्डीतल्या साखळीसारखं: एकानं हात सोडला की चढाईवाला तिथूनच निसटतो. पंधरा मिनिटं मी बॉल मारतच नाही. जाळीबाहेर बसलेले पालक वैतागतात. “सर, बॉल कधी मारणार? फी भरलीय!” मी म्हणतो, काका, आज बॉल न मारण्याचीच फी आहे.

आता आपल्या भागाचं बोलतो. कांजूरच्या जमिनीचं नाव काढलं की लोकांना डम्पिंग आठवतं, मिठागरं आठवतात, २०२०पासून मेट्रोची कारशेड आठवते. पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान कुणालाच आठवत नाही. पोरं खेळतात कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि तासाच्या भाड्याच्या टर्फवर. टर्फवर पाच-पाच जण, चारी बाजूंनी जाळी, कित्येक ठिकाणी डोक्यावरही. त्यातून आपली पोरं पायात चलाख झाली आहेत, अरुंद जागेतून बॉल काढतात. मला त्याचं कौतुक आहे. पण बॉल वर गेला की जाळीला लागून खाली येतो. उंचावरून चाळीस मीटर येणाऱ्या बॉलचा वेग, तो कुठे पडेल, टप्पा किती उडेल, हे डोळ्यांना कधी शिकायलाच मिळत नाही. मग हीच पोरं वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर मॅचला जातात, आणि विरुद्ध संघाचा कोच दहा मिनिटांत ओळखतो: यांच्या डोक्यावरून मारा.

यावर माझा तोडगा क्रिकेटमधून येतो. हीच पोरं गल्लीत उंच उडालेला झेल अचूक पकडतात. म्हणजे डोळा आहे, फक्त तो फुटबॉलला लावलेला नाही. म्हणून पहिले काही आठवडे लांब मारलेला फुटबॉल हातानं झेलायचा, तोही डोक्याच्या वर, शक्य तितक्या उंचीवर. झेलण्याआधी मोठ्यानं “माझा!” ओरडायचं. हाक नाही दिली तर झेल बाद. नंतर छाती, नंतर मांडी, सगळ्यात शेवटी डोकं. टप्पा पडू द्यायचा नाही, हे तर शंभर वेळा सांगतो. मे महिन्यातल्या भाजलेल्या मातीवर टप्पा डोक्यावरून जातो, पावसाळ्याच्या चिखलात बॉल पडल्या जागी मरतो. दोन्ही वेळेला फसतो तो बचावपटूच.

हेडरबद्दल एका आजींनी मला गाठलं होतं. “अहो सर, आमच्या बाळाला डोक्यानं मारू देऊ नका हं.” आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲस्टल २००२ साली गेला, तेव्हा चौकशीत त्याच्या मेंदूच्या आजाराचा संबंध आयुष्यभर मारलेल्या हेडरशी जोडला गेला. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचं हेडर बंद केलं, आणि २०२०मध्ये इंग्लंडच्या असोसिएशननं प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. लहान गटात मी हेडर घेतच नाही. फळी वेळेत मागे आली तर बॉल पुढ्यात पडतो आणि डोक्याचं काम पायानं होतं.

लाँग बॉल म्हणजे अडाण्याचा फुटबॉल, असं पुष्कळ जाणकार नाक मुरडून सांगतात. मला ते पटत नाही. चार्ल्स रीप नावाचे हिशेबनीस १९५०पासून इंग्लंडमधल्या सामन्यांतले पास वहीत मोजत बसले आणि बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांत होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष कच्चा होता, कारण मुळात बहुतेक चालीच तेवढ्या लहान असतात. पण नॉर्वेचा प्रशिक्षक एगिल ओल्सेन यानं लांब बॉलला डोकं दिलं. उंचापुऱ्या यॉस्टाइन फ्लोला उजव्या कडेला ठेवायचं आणि तिरका लांब बॉल त्याच्यावर टाकायचा, म्हणजे त्याच्यासमोर स्टॉपरऐवजी बुटका साइडबॅक येतो. थेट खेळणाऱ्या ओल्सेनच्या याच नॉर्वेनं १९९८च्या विश्वचषकात ब्राझीलला २-१ हरवलं. तेव्हा समोरचा संघ वारंवार एकाच कोपऱ्यात बॉल टाकत असेल, तर आधी तिथे आपला कोण उभा आहे ते बघा. अनेकदा तो संघातला सर्वांत ठेंगणा असतो आणि त्याला मदतीला कुणी नसतं. तुमचा उंच स्टॉपर दोन पावलं तिकडे सरकवा, डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला त्याच्या पुढ्यात उभं करा. पहिला बॉल कुणीही जिंको, तो पडतो तिथला दुसरा बॉल ज्याचा, त्याची चाल. बाउंड्रीवरून “उडव! लांब मार!” ओरडणाऱ्या बाबांना हा दुसरा बॉल कधी दिसत नाही.

आणि कीपर. फळी वर असेल तर तो गोलरेषेवर उभा राहू शकत नाही, त्याला पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत यावं लागतं. २०१४च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा कीपर मॅन्युएल नॉयर पुन्हा पुन्हा बॉक्सबाहेर येऊन बॉल काढत होता, ते मोबाइलवर जरूर पाहा. पण नुसतं त्याचं धावणं पाहू नका, निघण्याआधी तो कुठे उभा होता ते पाहा. अर्ध्या रस्त्यात थांबणारा कीपर सगळ्यात धोक्याचा. यायचं तर पूर्ण, आणि ओरडून. नाहीतर जागेवर.

शेवटी एक नियम, जो सोळा वर्षांच्या मुलांनाही ठाऊक नसतो. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर थेट घेतला तर ऑफसाइड नसतो. कीपरनं हातातून सोडून मारलेल्या किकला मात्र असतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गोलकिकलाही आमची फळी हात वर करून पुढे पळते आणि मागे मोकळा राहिलेला स्ट्रायकर आरामात गोल करून जातो. मग सगळे लाइन्समनवर ओरडतात. गोलकिकसाठी बॉल जमिनीवर ठेवलेला दिसला की स्टॉपरनं स्ट्रायकरच्या मागे उभं राहायचं. बॉल कीपरच्या हातात असेल तरच फळी वर आणायची, आणि तीही चौघांनी एकदम.